हेडचं राज्य, टेलचं राज्य

आमच्या पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीतली निम्मीअर्धी माणसं पवित्र भूमीला जाऊन आली आहेत. आल्यावर ती बाटलीतलं यार्देन नदीचं पाणी दाखवतात, जैतुनाच्या लाकडाचा क्रूस दाखवतात, आणि चहा गार होईपर्यंत फोनवरचे फोटो दाखवतात. मी नोव्हेंबरात तीन दिवस इंदापूर तालुक्यात जाऊन आले. पाणी आणलं नाही, फोटो काढले नाहीत. पण शलमोन राजा गेल्यावर इब्री लोकांचं राज्य दुभंगलं, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन झाली, ती दोन राज्यं मी या डोळ्यांनी पाहून आले. दोन्हींत मिळून साठ-सत्तर उंबरे असतील. मधून कालव्याची एक चारी वाहते.

जाण्याचं कारण माझ्या पिशवीत होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या वर्षी पुण्यात वारले. जाण्याआधी चार दिवस त्यांनी मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. सोडून पाहिलं तर घंटेचा लोळा, म्हणजे घंटेच्या आत लोंबतो आणि आपटला की नाद होतो तो लोखंडी गोळा, वर कडी असलेला. गावच्या देवळातला; आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. हा लोळा बेचाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तो कोणी नेला यावरून दोन वस्त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत हेही ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "मीच काढला. तात्याच्या हातात दे. मंडळीच्या न्हाय, त्याच्या हातात." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून गावीच राहतात. मी दहा महिने चालढकल केली. शाळेत चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, पण आपला बाप चोर होता हे त्याच्याच गावात जाऊन सांगायचं म्हणजे जिभेला कुलूप बसतं. शिवाय अण्णांचं नाव तिथल्या एका देवळाच्या कोनशिलेवर कोरलेलं आहे. ते नाव मी सांगितल्यावर तिथं राहील का, हाच घोर मला लागला होता.

मोरगाव, बारामती – शुक्रवार

जेजुरी मागं पडली की एसटीच्या खिडकीतला रंग उडतो. मोरगावपर्यंत तर ज्वारीचे विरळ तुकडे, खुरट्या बोरी आणि बांधावर दोन पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडणाऱ्या शेळ्या. मोरगावला निम्मी गाडी गणपतीसाठी उतरली आणि एक आजीबाई चढल्या. त्यांनी पाटी ठेवायला माझी पिशवी सरकवली ती थेट स्वतःच्या पायावर.

"अगं आई गं! काय भरलंयस, दगडं?"

"लोखंड आहे, मावशी."

"भंगाराचा धंदा हाय व्हय तुमचा?" त्यांनी माझ्या साडीकडे बघून विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय अशी हळूहळू लागते.

बारामतीला उतरून पिशवी उघडली तेव्हा कळलं की तात्यांच्या घरी न्यायला घेतलेली पुण्याची नानखटाई लोळ्यानं पार भुगा करून टाकली होती. स्टँडवर हिरवट केळी आणि कढीपत्ता घातलेला चिवडा घेतला आणि पुढची गाडी धरली. मोरगावची शेळी आणि बारामतीपुढचा ऊस यांच्यात जेमतेम तासाचं अंतर आहे. पाणी जिथं येतं तिथं माणसाचं बोलणं, घराचं छप्पर, पोरीचं लग्न, सगळंच बदलतं. आणि पाणी जिथं संपतं तिथं काय होतं, ते मी पुढं सांगणारच आहे.

अंथुर्णं गाव मागं टाकून मी एका फाट्यावर उतरले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या माणसांना माझ्या वहीत बदनाम व्हायची हौस नाही. रिक्षावाला निळ्या झेंड्याचा होता, बोलका होता. कुणाकडं जायचं विचारून झाल्यावर म्हणाला, "किरिस्तावांकडं? वरच्या का खालच्या?" मी वरच्या म्हटलं तर हसला. "आमच्यातबी जयंतीला दोन मिरवणुका निघत्यात, बाई. पण आमी जेवायला तरी एका पंगतीला बसतो. ह्ये तुमचं काय कळत न्हाय."

वरची वस्ती

ज्यांनी कालव्याची शेती पाहिली नाही त्यांना एवढं सांगायला हवं. कालव्यातून चारी फुटते, आणि पाटकरी नावाचा माणूस पाळीपाळीनं एकेकाच्या शेतात पाणी सोडतो. चारीच्या तोंडाला हेड म्हणतात, शेवटाला टेल. हेडला पाणी आधी आणि भरपूर, टेलला उरलंसुरलं. आमच्या लोकांची वरची वस्ती हेडला आहे, खालची टेलला, मध्ये दीड किलोमीटरचं अंतर. जुनं दगडी देऊळ वर. त्यात सगळे एकत्र जायचे.

त्या देवळाची एक रीत होती. कुणी मेलं की जेवढं वय तेवढे टोले द्यायचे. रानात दारं धरणारा माणूस, म्हणजे पाणी वाफ्या-वाफ्यात वळवणारा, फावडं टेकवून उभा राहायचा आणि मोजायचा. पाच-सहावर थांबले तर बायका जागच्या जागी खाली बसायच्या. सत्तर ओलांडले की म्हातारे एकमेकांची नावं घेऊन अंदाज बांधायचे. मोजून होईतो कोण गेलं ते कळलेलं असायचं. मग एकच प्रश्न, माती, म्हणजे दफन, कधी. घंटा वाजवायचं काम लहानपणापासून अण्णांकडं होतं.

तात्यांच्या दारात रूथ उभी होती. ही त्यांची सून, चाळिशीची, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. तिचा नवरा कारखान्यात शिफ्टला गेला होता. "जय ख्रिस्त, वन्सं. पिशवी द्या." पिशवी घेतल्यावर तिची भुवई वर गेली.

तात्या ओट्यावर खाटेवर बसले होते. अण्णांचेच डोळे, अण्णांचंच नाक. मला पाहताच ते सुरू झाले. "सुमे, वाळलीस गं. पुण्यात काय खायला देत न्हाईत का?" भावाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मात्र बराच वेळ काढला नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि रूथनं वाटलेली लसणाची लाल चटणी. नानखटाईचा भुगा तात्यांनी दुधात कालवून चमच्यानं खाल्ला आणि दात नसणाऱ्याला असाच खाऊ आणावा म्हणून माझं कौतुक केलं. तेवढ्यात देवळाकडून घंटेचा आवाज आला. मी दचकून हातातला तांब्या सांडला.

"मोबाईल हाय त्यो," रूथ म्हणाली. "भोंग्याला जोडलाय. कुठल्या परदेशातली घंटा हाय कुणास ठावं."

खरी घंटा वर टांगलेलीच आहे, बिनलोळ्याची. नवा लोळा करून घेणं बारामतीच्या कुठल्याही लोहाराच्या अर्ध्या दिवसाचं काम. पण वरच्यांचं म्हणणं, आम्ही नवा का करायचा? चोरांनी जुना आणून द्यावा. खालच्यांचं म्हणणं, यांनीच तो लपवलाय आम्हाला चोर ठरवायला. त्यांनी आपल्या पत्र्याच्या देवळात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय. तो आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीसारखा ठणठणतो. असे बेचाळीस रविवार नव्हेत, बेचाळीस वर्षं गेली. मी घास चिवडत बसले, आणि पिशवी खाटेखाली सरकवली.

टेल – शनिवार

सकाळी तात्यांना सांगितलं, आजीच्या कबरीवर जाऊन येते. रूथ मला अर्ध्या वाटेवरच्या मोरीपर्यंत सोडायला आली. चारीवरचा हा छोटा पूल ओलांडला की खालच्यांची हद्द. "मामंजींनी ह्या मोरीच्या पल्याड पाय ठिवला न्हाय," ती म्हणाली. "मी लगीन होऊन आल्यापासनं तर न्हायच. त्याच्या आधीबी न्हाय म्हणत्यात."

मोरीपाशी एक म्हातारी बाभूळ आहे. तिथपर्यंत ऊस डोक्याच्या वर. पुढं मका, मग कांदा, मग पेरूच्या बागा, तिथं ठिबकच्या नळ्या दिसतात कारण चारीच्या पाण्याचा भरवसा नाही. शेवटी चारी एका खडकाळ पडीक रानात विरून जाते. तिथं टेलची वस्ती.

याकोबआबा अण्णांचे जिवाभावाचे मित्र, आता ऐंशीच्या घरात. डोक्यावर पांढरी टोपी आणि समोर निवडायला पेरूंचा ढीग. मला ओळखल्यावर उठून उभे राहिले. "दाविदरावाची लेक? बस, बस. ह्यो घे, झाडावर पिकलेला हाय." त्यांनी पेरू धोतराला पुसून दिला. आतून गुलाबी होता, आणि खरंच इतका गोड पेरू मी पुण्यात खाल्लेला नाही.

मग त्यांनी मला फुटीची गोष्ट सांगितली. मी ती अण्णांच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकली होती.

"टेलला पाणी पोचायचं रविवारी सकाळी. आमी पंचांस्नी इनंती क्येली, उपासना सांजची ठिवा, न्हायतर आमाला पिकं सोडावी लागत्यात न्हायतर देव. म्हातारे पंच म्हनले, ठिवू की, काय बिघडतंय. पण तुजा तात्या नवा शेकरेटरी झाल्याला. त्यानं कागद काढला. देवाची येळ पाटकऱ्याच्या पाळीवर ठरत न्हाय. लागोपाठ तीन रविवार जो येनार न्हाय त्याला प्रभुभोजनाची भाकर न्हाय. आन त्यो मेला तर घंटा न्हाय."

"मग?"

"मग काय? दाविदराव म्हनला, चला, आपलं आपुन बघू. तीस घरं निघाली. तुजी आजी धाकट्याकडं ऱ्हायाची, म्हंजे टेलला. थोरल्याचं देऊळ आन धाकट्याची भाकर. म्हातारीचा जीव मोरीपशी अडकल्याला. आन त्याच साली ती गेली."

त्यांनी पेरू निवडायचे थांबवले.

"मी सोता गेल्तो वर, तुज्या तात्याकडं. हात जोडलं. म्हनलं शमुवेलराव, देवळाची चावी द्या, तुमचीबी आय हाय. त्यो उसाच्या बांधावर हुबा व्हता. म्हनला, नेम सगळ्यास्नी सारखा. चावी दिली न्हाय. मातीलाबी आला न्हाय. मोरीपशी बाभळीखाली हुबा ऱ्हायला, लांबनं. घंटा वाजली न्हाय, म्हनून रानातल्या मान्सांस्नी कळलंच न्हाय. आमी चौदा जनांनी तिला पुरलं."

मी तेव्हा नववीत होते, नगरला बोर्डिंगात. मला पत्रानं कळलं. लोळा अण्णांनी का काढला हे मला तिथं, पेरूच्या ढिगापाशी कळलं. आपल्या आईसाठी वाजली नाही ती घंटा आता कुणासाठीच वाजू नये. बंद देवळात कसं शिरायचं, शिडी कुठं ठेवतात आणि कडी कशी सुटते, हे त्या एका माणसाला पाठ होतं. मला अण्णांचा राग यायला हवा होता. रडू आलं.

"आता हेच बग," आबा म्हणाले, "लोळा त्यांनीच दडवलाय आन चोर आमाला म्हनत्यात. दाविदराव असता तर त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं." त्यांना मी काहीच सांगितलं नाही. अण्णांनी आधी तात्यांचं नाव घेतलं होतं.

आजीची कबर खालच्या दफनभूमीतली पहिली. आजोबा वरच्या दफनभूमीत, आजी इथं. कुणीतरी दर वर्षी चुना लावतं. दगडावर नाव आहे, जन्मसाल नाही. ती साथीत जन्मली एवढंच सांगायची, कुठल्या साथीत ते कुणी विचारलं नाही.

बारा पेरू

याकोबआबांनी पिशवीभर पेरू दिले होते. ते कुठून आले हे तात्यांना सांगावं लागलं नाही, रंगावरून ओळखलं त्यांनी. हात लावणार नाहीत असं वाटलं. पण दुपारी उन्हं कलल्यावर वस्तीतली दहा-बारा पोरं ओट्यावर जमली, तात्यांचा शनिवारचा पाठ असतो, आणि तात्यांनी त्यातलेच बारा पेरू मोजून फरशीवर मांडले.

पीक निघाल्यावरच्या हंगामाच्या उपासनेआधी ते दर वर्षी दोन राज्यांचा पाठ घेतात. "ह्ये बारा वंश," तात्या म्हणाले. "संदेष्ट्यानं काय क्येलं, आपलं नवं कोरं घोंगडं फाडलं, बारा तुकडं. आन शलमोनाचा चाकर यराबाम, त्याच्या हातात दहा दिलं." त्यांनी दहा पेरू डावीकडं सरकवले, उजवीकडं दोन राहिले. "ह्ये इस्राएल. ह्ये यहूदा. यराबामानं मान्सं फोडली. मंदिराला जाऊ नगा म्हनला, सोन्याची वासरं क्येली, आपलं येगळं देऊळ मांडलं. फळ काय मिळालं?" पोरांना फळ कुठं मिळतं ते बरोबर ठाऊक होतं. दर वर्षी पाठ संपला की दहा वंश पोरांना वाटले जातात. बायबलातले दहा वंश पुढं हरवले ते असे. दोन तात्यांच्या घरी राहतात.

मी दाराशी बसून ऐकत होते. तात्या यराबामावर घसरले की थांबत नाहीत. फुटून निघालेला तो पापी, करार मोडणारा तो, परक्यांच्या हाती जाऊन नाहीसा होणारा तो. प्रत्येक वाक्यात मला माझे अण्णा दिसत होते. शेवटी माझ्यातली शाळेची बाई गप्प बसेना.

"तात्या, लोक आधी राजाकडं गेले होते ना? शलमोनाच्या मुलाकडं, रहबामाकडं?"

"व्हय."

"मागत काय होते?"

तात्या माझ्याकडं पाहायला लागले. पोरांतल्या एका चुणचुणीत मुलीनं उत्तर दिलं, तिला वाटलं प्रश्न तिच्यासाठीच आहे. "जू हलकं करा म्हनत व्हते! म्हातारे म्हनले करा, पण राजानं जवान मित्रांचं ऐकलं. म्हनला अजून जड करीन!"

"रहबाम किती वर्षांचा होता गं तेव्हा?"

"एकेचाळीस!" पवित्र शास्त्राच्या परीक्षेत तिचा पहिला नंबर असणार.

तात्याही फुटीच्या वर्षी एकेचाळीसचे होते. मला हे आधी सुचलं नव्हतं, तोंडातून प्रश्न गेल्यावर लक्षात आलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. तात्यांनी पेरू वाटून टाकले. या खेपेला बाराच्या बारा वाटले. पोरं पळाली.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. मी खाटेखालून पिशवी ओढली, धोतर सोडलं आणि लोळा त्यांच्या मांडीवर ठेवला. "अण्णांनी दिलाय. तुमच्याच हातात द्यायला सांगितलं होतं. त्यांनीच काढला होता."

मला वाटलं होतं ते ओरडतील. निदान मंडळीला बोलावतील. त्यांनी लोळा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, कडीवरचा गंज अंगठ्यानं खरवडला.

"ठाऊक व्हतं मला," ते म्हणाले.

"काय?"

"आयच्या मातीनंतर तिसऱ्या दिशी शिडी दुसऱ्या भिंतीला टेकवल्याली दिसली. दाविद तशीच ठिवायचा, डावरा व्हता त्यो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मंडळीला सांगितलं असतं तर कशापायी काढला त्येबी सांगावं लागलं असतं. म्हनून टेलवाल्यांनी न्हेला म्हनलो. चोरी त्याची, खोटं माजं. बेचाळीस वर्सं त्या खोट्यावर पाठ घ्येतोय."

रूथ दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.

"म्होरं एक संदेष्टा झाला," तात्या म्हणाले, "त्याला देवानं सांगितलं, दोन काठ्या घे. एकीवर यहूदाचं नाव लिही, एकीवर इस्राएलाचं, आन दोन्ही एका हातात धर. मान्सांनी करार मोडला तरी मी मोडनार न्हाय, एक राष्ट्र करीन, ह्यो देवाचा शब्द. त्यो पाठ मी कंदीच घ्येतला न्हाय, सुमे. पोरं ईचारत्यात, म्होरं काय झालं. म्हनतो, प्येरू संपलं."

मग ते रडले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं फार लहान असतं, खांदे नुसते हलतात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मलाही रडू फुटलं. अण्णा मेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

रविवार

सकाळी उजाडल्यावर तात्या नवं धोतर नेसून, हातात लोळा घेऊन निघाले. उपासनेला अजून दोन तास होते. "मंडळी जमायच्या आदी," एवढंच म्हणाले. शिडीवर चढायला मी साठीला टेकलेली आणि ते त्र्याऐंशीचे, तेव्हा रूथच पदर खोचून वर गेली. कडी गंजून बारीक झालेली, घंटेच्या आकड्यात बसेना. तिनं वरूनच नवऱ्याला हाक मारली, तो कामावरून नुकताच येत होता, आणि त्याच्याकडून ट्रॅक्टरची पिन आणि तार मागवली. पिन बसली, तारेनं आवळली. दोर नवा होता, कांद्याच्या गोण्या बांधायचा निळा नायलॉनचा.

"मामंजी, वढा. पर हळू."

तात्यांनी दोर धरला. माझ्याकडं वळले. "किती देऊ?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आजीचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. तात्या म्हणायचे सत्तर, अण्णा म्हणायचे पंच्याहत्तर, त्यावरूनही दोघं भावंडं एकदा भांडली होती. आता सांगायला अण्णा नव्हते.

"द्या तात्या," मी म्हटलं. "जमतील तेवढे द्या."

पहिला टोला फुटका आला, गंजाचा. दुसरा नीट लागला. आणि मग तो आवाज, मला वाटत होतं मी तो विसरले असेन. भोंग्यातल्या परदेशी घंटेसारखा तो गोड नाही, घोगरा आहे. उसावरून तो पुढं गेला, मोरीवरून, मक्यावरून. वीस झाले. घराघरांतून माणसं ओट्यांवर आली. कुणी विचारायला पुढं आलं नाही, सगळे उभ्या उभ्या मोजत होते. चाळीसनंतर दोन टोल्यांतलं अंतर वाढायला लागलं. त्यांच्या मुलानं दोर घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी कोपरानं तो बाजूला सारला. साठ. मी चुकले, पुन्हा धरलं, पुन्हा चुकले. शेवटी ते थांबले तेव्हा सत्तर झाले होते की पंच्याहत्तर, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चारीच्या कडेनं माणसं येताना दिसली. आधी दोन मोटारसायकली, मागं पायी येणारे, चिखलाचे पाय, खांद्यावर फावडी. रविवार, टेलच्या पाण्याची पाळी. दारं उघडी सोडून आले होते. मोरीपाशी ते क्षणभर थबकले, आणि मग मोरी ओलांडून आले. पहिल्या मोटारसायकलच्या मागं याकोबआबा होते. ते उतरून, धापा टाकत, देवळाच्या पायऱ्यांपाशी आले. त्यांनी वर घंटेकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं. लोळा कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही. घंटा ऐकून आलेला माणूस जे विचारतो तेच विचारलं.

"कोन गेलं, शमुवेलराव?"

तात्यांच्या हातात अजून दोर होता. हेडचे ओट्यांवर उभे, टेलचे चारीच्या कडेला. अण्णांचं नाव आता बाहेर येणार, मी मान खाली घातली.

"माजी आय गेली," तात्या म्हणाले.

याकोबआबांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली, आणि घंटेनंतरचा दुसरा प्रश्न विचारला.

"माती कवा हाय?"

"आत्ता," तात्या म्हणाले. त्यांनी दोर सोडला, चपला देवळाच्या पायरीवरच राहू दिल्या, आणि मोरीच्या दिशेनं चालायला लागले.